राखाडी रेघ

नंदिनी बिराजदारला राग यायला उशीरच झाला. आधी तिला आनंद झाला होता, आणि तोही एवढा की विभागातल्या सगळ्यांना कँटीनमध्ये ओढत नेऊन तिने चहा पाजला होता.

तिच्या प्रबंधाचा मुख्य निष्कर्ष हाती आला होता. मांजरा विद्यापीठाच्या डेटा अ‍ॅनालिटिक्स विभागात ती एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्राला होती आणि तिचा विषय होता 'अंदाज'. ही प्रणाली त्याच विभागाने बनवलेली. बी.एस्सी.ला आलेला विद्यार्थी टॅबवर गणितं सोडवायचा, प्रोग्रॅम लिहायचा, धडे वाचायचा. तो कुठे थांबतो, काय खोडतो, कुठल्या ओळीवर परत जातो, हे सगळं 'अंदाज' टिपत राही आणि पहिलं सत्र अर्ध्यावर यायच्या आतच हा विद्यार्थी पदवी पूर्ण करील की नाही ते सांगून मोकळा होई. शंभरपैकी एक आकडा. विद्यार्थ्याला तो कधी कळत नसे. शिक्षकाच्या टॅबवर मात्र प्रत्येक नावाखाली एक बारीक रेघ उमटे. हिरवी, पिवळी किंवा राखाडी. लाल रंग मुद्दाम टाळला होता. लाल रंगात अपमान वाटतो, असं विभागप्रमुख डॉ. अरुंधती केळुसकरांचं म्हणणं होतं.

'अंदाज' केळुसकर मॅडमचंच अपत्य. त्या नव्याने नोकरीला लागल्या तेव्हा दर वर्षी निम्मी मुलं मध्येच नाहीशी व्हायची आणि परीक्षेचे अर्ज भरायची वेळ येईपर्यंत कुणाच्या ते लक्षातही यायचं नाही. गळणारं पोर वेळेत दिसावं म्हणून त्यांनी हे यंत्र बनवलं. यंत्र चाललं. पण शिक्षक होते नऊ आणि मुलं सहाशे. मग विद्यापीठाने ठरवलं की शिक्षकांचा वेळ जिथे फळ देईल तिथेच द्यायचा. हिरव्या रेघेच्या मुलांना केबिनमध्ये बसवून शिकवायचं, पिवळ्यांना आठवड्याचा एक जादा तास द्यायचा आणि राखाडी रेघेच्या मुलांना 'आधार पाठ' नावाचे व्हिडिओ. हवे तेव्हा बघा, हवे तितक्यांदा बघा.

नंदिनीने पाच वर्षांचा डेटा तपासला. शंभरातल्या चौऱ्याण्णव जणांच्या बाबतीत 'अंदाज' खरा ठरला होता.

"चौऱ्याण्णव!" मॅडम खुर्चीतून उठल्याच. "नंदिनी, शिक्षण परिषदेसमोर हे तूच मांडायचंस. जूनपासून राज्यातल्या सगळ्या विद्यापीठांत 'अंदाज' लागणार आहे. फक्त परिषदेचं शिक्कामोर्तब व्हायचंय."

नंदिनीला आभाळ ठेंगणं झालं.

एकच गोष्ट खटकत होती. तीन वर्षांपूर्वीची 'क' तुकडी. तिथे 'अंदाज' साफ चुकला होता. नाणं उडवून भाकीत केलं असतं तरी एवढंच जमलं असतं. तिने मॅडमना विचारलं.

"अगं, ते सोडून दे," मॅडम म्हणाल्या. "त्या वर्षी त्यांच्या विस्तार इमारतीची इंटरनेट केबल रस्तावाल्यांनी तोडली होती. बिघडलेला डेटा आहे. त्या ओळी काढून टाक, चौऱ्याण्णवाचे पंचाण्णव होतील."

ओळी काढून टाकायला ती बसलीही. पण काढण्याआधी नेमकं काय बिघडलं ते पाहावं, ही सवय तिला मॅडमनीच लावली होती. तिने पाहिलं तर डेटा बिघडलेला नव्हता. टॅब सगळं टिपत होते आणि वर्ष संपल्यावर ते एकदम वर चढवलं गेलं होतं. आकडेही तेव्हाच निघाले होते, म्हणजे वर्षभर ते शिक्षकांपर्यंत पोचलेच नव्हते. 'क' तुकडीच्या शिक्षकांच्या टॅबवर एकाही नावाखाली रेघ नव्हती. कोण हिरवं, कोण राखाडी, हे कुणालाच ठाऊक नसल्याने सगळ्यांना सारखंच शिकवलं गेलं. आणि त्या तुकडीतली राखाडी मुलं जवळजवळ हिरव्यांइतकीच पास झाली होती.

नंदिनीने टॅब खाली ठेवला.

हवामान खातं पावसाचा अंदाज सांगतं तेव्हा ढगाला तो ऐकू येत नाही. अंदाज चुको की बरोबर येवो, ढग आपल्या मर्जीने बरसतो. पण धरणाच्या दरवाजाची चावी ज्याच्या हातात आहे, त्यानेच उद्या कुठल्या गावचा कालवा कोरडा पडेल हे सांगायचं ठरवलं तर? तो म्हणणार, अमुक गाव कोरडं राहील. मग त्या गावाकडे पाणी सोडून काय उपयोग, म्हणून तो दरवाजा बंद ठेवणार. कालवा कोरडा पडणार आणि त्याचं भाकीत तंतोतंत खरं ठरणार. पुढच्या वर्षी तो गेल्या वर्षीचा कोरडा कालवा दाखवून आणखी ठामपणे सांगणार. 'अंदाज' दर वर्षी असाच शिकत होता. त्याने राखाडी ठरवलेली मुलं शिकवल्यावाचून राहिली, गळाली, आणि त्यांचं गळणं पाहून यंत्र आणखी हुशार झालं.

डेटामध्ये नावं नव्हती, फक्त प्रवेश क्रमांक होते. पण स्वतःचा क्रमांक नंदिनीला पाठ होता. तिने तो काढला. अठ्ठ्याऐंशी. हिरवी. मग त्याच्या आधीचा क्रमांक काढला, कारण प्रवेशाच्या रांगेत तिच्या पुढे कोण उभं होतं तेही तिला पक्कं आठवत होतं.

सुकेशिनी गायसमुद्रे. आकडा एकोणीस.

दोघी औशाजवळच्या एकाच गावच्या, एकाच कनिष्ठ महाविद्यालयातल्या. बारावीला गणितात सुकेशिनीला तिच्यापेक्षा जास्त मार्क होते. तरी एकोणीस का? नंदिनीने नोंदी उलगडल्या. प्रत्येक गणिताला सुकेशिनीची बोटं बराच वेळ थांबलेली आणि मग संपूर्ण उत्तर एका दमात लिहिलेलं, खाडाखोड शून्य. यंत्राने याचा अर्थ लावला होता: लक्ष नाही, नंतर नक्कल. सुकेशिनी प्रत्येक गणित आधी वहीच्या मागच्या पानावर सोडवायची, हे यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या घरी टॅब नव्हता, ती कागदावरच विचार करायला शिकली होती.

दुसऱ्या वर्षी दोन विषय राहिले आणि सुकेशिनी विद्यापीठ सोडून गेली.

तेव्हा नंदिनीला राग आला. आणि तो उतरला नाही.

*

सुकेशिनी लातुरात चित्रांना नावं देण्याच्या केंद्रात कामाला होती. मोठ्या हॉलमध्ये शंभरेक मुलं-मुली पडद्यासमोर बसून चौकातल्या कॅमेऱ्यांची चित्रं बघायची आणि माणूस, रिक्षा, बैल, खड्डा अशा चौकटी आखायची. त्यावर कुठल्या तरी दूरदेशीची यंत्रं शिकायची. जेवणाच्या सुट्टीत दोघी बाहेरच्या कट्ट्यावर बसल्या. नंदिनीने सगळं सांगितलं. सुकेशिनीने डबा उघडला, पण घास घेतला नाही.

"म्हणजे मी ढ नव्हते," ती म्हणाली.

"नव्हतीस."

"हे तू मला आता सांगायलीस."

"मला तरी आत्ताच कळलं, सुके."

"मला तवाच कळलं होतं!" सुकेशिनीचा आवाज चढला. कट्ट्यावरची दोन पोरं वळून बघू लागली. "यंत्राचं नव्हतं कळलं. पण मला कुणी शिकवत नाही, एवढं तर कळत होतं ना? शंका विचारायला केबिनमध्ये गेले की म्हणायचे, व्हिडिओ बघ. व्हिडिओला शंका विचारता येते व्हय? तू रोज मॅडमच्या केबिनमध्ये बसायचीस. तुला सांगितलं तर तू काय म्हणालीस? 'अगं, थोडा अभ्यास वाढव.'"

नंदिनीला ते वाक्य आठवलं.

"मी अभ्यास वाढवला. रडून रडून वाढवला. शेवटी घरी सांगितलं, माझं डोकं चालत नाही. आई म्हणाली, असू दे बाळा, सगळ्यांचं चालतंच असं नाही." सुकेशिनीने डब्याचं झाकण दाबून लावलं. "माझ्या आईच्या तोंडून त्यांनी हे वदवलं. ते कसं परत करणार तुम्ही?"

'तुम्ही' हा शब्द नंदिनीला लागला. पण तो चुकीचा आहे असं तिला म्हणता येईना.

"काय करायचं ठरवलंयस?" सुकेशिनीने उठता उठता विचारलं.

"मॅडमशी बोलते."

"बोल. त्या तुझं ऐकतात."

*

केळुसकर मॅडमनी खरोखरच ऐकून घेतलं. आलेख दोनदा पाहिले. मग चष्मा काढला.

"एक तुकडी, अठ्ठावन्न मुलं. एवढ्यावरून तू पाच वर्षांचं काम मोडीत काढणार?"

"मॅडम, 'अंदाज' नापास होणारी मुलं ओळखत नाही, तयार करतो."

"आणि 'अंदाज' नव्हता तेव्हा काय होत होतं? तुला माहीत नाही, मी पाहिलंय. ओळखीपाळखीची मुलं, प्राध्यापकांची मुलं, चुरूचुरू बोलणारी मुलं, सगळा वेळ त्यांनाच मिळायचा. यंत्र निदान जात विचारत नाही, गाव विचारत नाही."

"त्याला विचारायची गरजच नाही! ज्याच्या घरी टॅब आहे त्याची बोटं वेगळी चालतात. त्याने बोटं बघितली की गाव कळलं, घर कळलं."

मॅडम खिडकीपाशी गेल्या. वळल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत वेगळीच चमक होती. नंदिनीला ती ओळखीची होती. नवी कल्पना सुचली की मॅडम अशाच दिसायच्या.

"बरोबर आहे तुझं. शंका रास्त आहे. मग ती नीट तपासू या ना! जूनपासून राज्यभर 'अंदाज' लागतोच आहे. अर्ध्या महाविद्यालयांत शिक्षकांना रेघा दाखवायच्या, अर्ध्यांत लपवायच्या. कुठे दाखवायच्या ते चिठ्ठ्या टाकून ठरवू. तीन वर्षांत असं उत्तर मिळेल की जगात कुणी त्यावर बोट ठेवणार नाही. तुझी पीएच.डी. होईल, नंदिनी. तुझ्याइतका चांगला प्रश्न माझ्या एकाही विद्यार्थ्याने विचारलेला नाही."

नंदिनीला मोह पडला. प्रयोग शास्त्राला धरून होता. याच केबिनमध्ये, याच खुर्चीत बसून ती हे शिकली होती, की दोन गट करा, चिठ्ठ्या टाका, वाट बघा, मगच बोला. क्षणभर तिच्या डोळ्यांसमोर प्रबंधाचं पहिलं पानही येऊन गेलं.

"ज्या महाविद्यालयांत रेघा दिसतील," तिने सावकाश विचारलं, "तिथल्या राखाडी मुलांचं तीन वर्षांत काय होईल?"

"तेच तर शोधायचंय."

"तुम्हाला खरंच माहीत नाही?"

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"म्हणजे पाण्यात माणूस बुडतो का, हे बघायला आधी पोरं पाण्यात टाकायची. तीही चिठ्ठ्या टाकून. आणि त्यांच्या आईबापांना सांगायचंही नाही."

"आवाज खाली, नंदिनी. संख्याशास्त्र भावनेवर चालत नाही."

"शिकवणंसुद्धा नाही चालत, मॅडम, असंच दिसतंय. नाहीतर समोरचं पोर शंका विचारतंय हे कळायला तुम्हाला रेघ कशाला लागली असती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा पासवर्ड चालेना. परिषदेसमोरच्या सादरीकरणातून तिचं नाव गेलं होतं. चौऱ्याण्णवाचे पंचाण्णव झाले होते.

*

आकडे आता तिच्या हातात नव्हते. पण ते कुणाचे आहेत, हे ती जाणून होती. कायदा सोपा होता. ज्या संस्थेकडे तुमच्याबद्दलची माहिती आहे, तिच्याकडे ती मागायचा तुम्हाला हक्क आहे, आणि संस्थेला नाही म्हणता येत नाही. आजवर कुणी मागितली नव्हती, कारण आपला आकडा आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

नंदिनी वर्गावर्गात गेली. दोन तासांच्या मधल्या वेळेत फळ्यापाशी उभी राहून तिने धरणाची, कालव्याची गोष्ट सांगितली. पहिल्या वर्गात मुलं हसली. दुसऱ्या वर्गात मागून एक मुलगी उठली. "ताई, मी तीन महिने व्हिडिओच बघायलेय. मला वाटलं सगळेच बघतात." मग दुसरा म्हणाला, मी पण. मग तिसरा.

एक मुलगा मात्र तडकला. टापटीप कपड्यांतला, रोज केबिनमध्ये बसणारा. "आमचं काय वाईट झालं त्यात? आम्ही मेहनत केली, आम्हाला मिळालं. आता आमचेही तास काढून घेणार का?"

"किती मेहनत केलीस?" नंदिनीने विचारलं.

"म्हणजे?"

"तुझ्या मार्कांतले किती तुझे आणि किती त्या हिरव्या रेघेचे, सांग."

"ते कसं सांगणार?"

"नाही सांगता येत. मलाही येत नाही. मी पण हिरवीच आहे." ती फळ्यापासून दोन पावलं पुढे आली. "विद्यापीठात पहिली आले म्हणून माझ्या गावात माझा बोर्ड लागलाय. त्यातलं माझं काय, हे मला आता जन्मभर कळणार नाही. त्यांनी माझ्या मैत्रिणीचं काढून घेतलं आणि माझंही खोटं केलं. म्हणून सांगतेय, आकडा माग. तूसुद्धा माग."

मुलगा खाली बसला. त्याने मागितला की नाही, ते तिला कळलं नाही.

*

शिक्षण परिषदेची मंडळी आली त्या दिवशी प्रशासन इमारतीच्या खिडकीपासून फाटकापर्यंत रांग लागली होती. घोषणा नव्हत्या, फलक नव्हते. मुलं नुसती उभी होती आणि एकेक जण खिडकीशी जाऊन म्हणत होता, "माझा आकडा द्या." परिषदेच्या गाड्या रांगेमुळे फाटकातच अडकल्या. त्यातून उतरलेल्या एका वयस्कर सदस्याने एका मुलाला विचारलं, कसली रांग आहे. मुलाने सांगितलं. सदस्याने पुढच्यालाही विचारलं, मग त्याच्या पुढच्याला. सभागृहापर्यंत पोचायला त्यांना फार वेळ लागला.

सुकेशिनी लातूरहून बसने आली. सुट्टी मिळाली नव्हती, तरी आली. नंदिनीशी बोलली नाही. पण रांगेत येऊन तिच्या शेजारी उभी राहिली.

खिडकीतल्या लिपिकाने तिचा क्रमांक टाकला आणि मान हलवली. "तुम्ही सोडून गेलात ना? आता विद्यार्थी नाही तुम्ही. मिळणार नाही."

"मी गेले," सुकेशिनी म्हणाली. "माझा आकडा गेला का?"

"काय?"

"तुमच्याकडे आहे ना अजून? त्याच्यावर तुमचं यंत्र शिकतंय ना अजून? मग मी कशी गेले? द्या."

रांगेतून कुणी तरी म्हणालं, "द्या की हो!" मग सगळीच रांग म्हणू लागली. लिपिकाने आत पाहिलं, आतून कुणी काही बोलेना. त्याने कागद छापला आणि खिडकीतून सरकवला.

एकोणीस. सुकेशिनीने तो बराच वेळ पाहिला. नंदिनीने आधीच सांगितलेला आकडा होता, पण छापलेला वेगळा दिसत होता.

दुपारी बातमी आली. परिषदेने 'अंदाज' जूनपासून लावायचा निर्णय पुढे ढकलला आणि विद्यापीठाला शिक्षकांच्या टॅबवरच्या रेघा त्याच दिवशी बंद करायला सांगितल्या. चौकशी समिती नेमली जाणार होती. मुलांनी ओरडून आनंद केला. नंदिनीला काही फार आनंद झाला नाही. समित्या काय करतात हे तिला माहीत होतं. शिवाय यंत्र बंद झाल्याने नऊ शिक्षकांचे दहा होणार नव्हते. त्यासाठी पुन्हा इथेच उभं राहावं लागणार होतं आणि तेव्हा रांग एवढी मोठी नसेल, हेही तिला दिसत होतं.

"मला त्या मॅडमना भेटायचंय," सुकेशिनी म्हणाली.

केळुसकर मॅडम केबिनमध्ये एकट्याच होत्या. दोघींना पाहून त्या थकल्या आवाजात म्हणाल्या, "नंदिनी, झालं ना तुझ्या मनासारखं? आता ज्याला त्याला आपला आकडा माहीत झाला. आकडा माहीत असलेलं पोर वेगळं वागतं. पाच वर्षांचा डेटा आता पुन्हा कधी उपयोगी पडणार नाही."

"हो," नंदिनी म्हणाली. "माहीत आहे मला."

"ही कोण?"

सुकेशिनीने कागद टेबलावर ठेवला. मॅडमनी आकडा वाचला, प्रवेशाचं वर्ष वाचलं, आणि त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा उतरला. त्या वाईट बाई नव्हत्या आणि ते सुकेशिनीलाही दिसत होतं. म्हणून तर तिचा संताप आणखी वाढला.

"बस ना," मॅडम म्हणाल्या.

"बसायला नाही आले. मला का शिकवलं नाहीत, तेवढं सांगा."

"हे बघ बाळ, सहाशे मुलं होती. मला जर तेव्हा तू माहीत असतीस..."

"मी तुमच्या वर्गात होते. तिसऱ्या बाकावर, खिडकीशी. वर्षभर."

मॅडम तिला आठवायचा प्रयत्न करू लागल्या. खूप प्रयत्न केला. नंदिनीने तो प्रयत्न त्यांच्या कपाळावर पाहिला आणि तो फसलेलाही पाहिला. मग इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांचा हात टेबलावरच्या टॅबकडे गेला. नजरही तिकडे वळली, या मुलीच्या नावाखाली काय आहे ते पाहायला.

सुकेशिनीने टॅबवर पंजा ठेवला.

"तिकडं नाही, मॅडम," ती म्हणाली. "इकडं बघा."